आठ सेकंदांच्या अलीकडे

पावसाळा सरता सरता एका रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी चहाला थांबलो होतो. गड चढून-उतरून झाला होता, जर्सी घामानं आणि धुक्यानं सारखीच ओली झाली होती, टपरीवर भज्यांचा घाणा निघत होता. आमच्यातल्या एका तरुण मुलानं नवं एरो हेल्मेट, म्हणजे वारा कापणारं, घेतलं होतं. ते हातोहात फिरलं, किंमत ऐकून दोघातिघांनी भुवया उडवल्या, आणि मग गप्पा वाऱ्यावर गेल्या. हेल्मेटनं किती वाचतं, हातावरचे केस काढले तर किती वाचतं, घोट्यापर्यंतचे मोजे घातले तर किती. त्या मुलानं मोबाइल पुढे केला. "ताई, हा बघा शेपटीवाला. पोनीटेल कापली असती तर टूर जिंकला असता हा." फोटोत शर्यतीत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी, गोल चष्मा, उघडं डोकं आणि मागे वाऱ्यावर उडणारी सोनेरी केसांची शेपटी. सगळे हसले. विनोद जुना आहे, जगभरातल्या सायकलवाल्यांना तो तोंडपाठ आहे, आणि त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं.

मला मात्र ते हसणं दिवसभर टोचत राहिलं.

परतताना खडकवासल्याच्या चौपाटीवर पाण्यावरून येणारा वारा नेहमीसारखाच आडवा लागला. हँडल किंचित त्याच्याकडे झुकवून धरावं लागतं, नाहीतर पुढचं चाक रस्त्याच्या कडेकडे सरकायला लागतं. भुट्ट्याच्या गाड्यांचा धूर, कुटुंबांची गर्दी, मध्येच वळणाऱ्या रिक्षा. एवढ्या सगळ्यातून सायकल काढताना डोक्यात एकच माणूस होता, त्या फोटोतला फ्रेंच सायकलस्वार लोराँ फिन्यों. फिन्यों आवडता म्हणून सांगितला की लोक थोडं थांबून विचारतात, कोण तो, आठ सेकंदांनी हरलेला? हो, तोच. 1983 आणि 1984 अशा लागोपाठ दोन वर्षी टूर द फ्रान्स जिंकलेला, म्हणजे तीन आठवडे टप्प्याटप्प्यानं चालणारी ती शर्यत, जिच्यात सगळ्या टप्प्यांचा मिळून ज्याचा वेळ सर्वांत कमी तो जिंकतो. 1988 आणि 1989 मध्ये मिलान-सान रेमो ही एका दिवसाची शर्यत जिंकलेला, 1989 चा जिरो दितालिया, म्हणजे इटलीतली टूरसारखीच शर्यत, जिंकलेला. हे सगळं त्या आठ सेकंदांच्या अलीकडे घडलं आणि कुणाच्या लक्षात राहिलं नाही. स्वतः फिन्यों हा किस्सा सांगायचा. अनोळखी माणूस समोर येऊन म्हणे, तुम्ही आठ सेकंदांनी टूर हरलात ना? आणि हा उत्तर देई, नाही, मी ती दोनदा जिंकलेला माणूस आहे.

तो दिवस 23 जुलै 1989. शेवटचा टप्पा व्हर्सायपासून पॅरिसच्या शाँझेलिझेपर्यंत, फक्त 24.5 किलोमीटर, आणि तो टाइम ट्रायलचा. म्हणजे एकेकानं सुटायचं, पुढे कुणाची पाठ नाही, आडोसा नाही, संघ नाही, माणूस आणि घड्याळ. एकूण वेळेत फिन्यों अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडच्या 50 सेकंद पुढे होता. एवढ्याशा अंतरात 50 सेकंद भरून काढायची म्हणजे दर किलोमीटरला दोन सेकंदांहून जास्त, आणि समोरचा काही ऐरागैरा नव्हे. आदल्या तीन आठवड्यांत या दोघांमधलं अंतर कसं हललं होतं ते पाहिलं की आजही माझा श्वास वर होतो. रेनच्या टाइम ट्रायलनंतर लेमाँड 5 सेकंदांनी पुढे. पिरेनीजमध्ये सुपरबान्येरला फिन्यों 7 सेकंदांनी पुढे. ओर्सिएर-मेर्लेतच्या चढावरच्या टाइम ट्रायलनंतर लेमाँड 40 नी, दुसऱ्या दिवशी 53 नी. आल्प द्युएझला फिन्योंनं ते सगळं पुसलं आणि वर 26 सेकंद कमावली. दुसऱ्या दिवशी व्हिलार-द-लान्सला एकट्यानं निघून जाऊन टप्पा जिंकला, तेव्हा 50 झाली. तीन हजारांवर किलोमीटर दोघं एकमेकांच्या हाताच्या अंतरावर होते. त्यातला कुठलाही एक दिवस उचलला आणि त्यातली एक ढिलाई किंवा एक नेट इकडचा तिकडे केला, तरी निकाल फिरतो.

लेमाँडनं त्या दिवशी ट्रायथलॉनवाल्यांचा हँडलबार लावला होता, कोपरं टेकवून हात पुढे लांब करायचा, शरीर बाणासारखं होतं. डोक्यावर मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट. तो 26 मिनिटं 57 सेकंदांत पोचला, ताशी 54.545 किलोमीटरनं. फिन्यों साध्या बैलशिंगी हँडलवर, दोन्ही चाकं भरीव तबकडीची, डोकं उघडं. त्याला 27 मिनिटं 55 सेकंद लागली. 58 उणे 50, आठ.

आणि इथे मला त्या टपरीवरच्या पोराला एक गोष्ट सांगायची होती, ती तिथे सुचली नाही. त्या दिवशी शर्यतीतल्या सगळ्यांच्या वेळा लावल्या तर फिन्यों तिसरा आला होता. पहिला लेमाँड, दुसरा फिन्योंच्याच संघातला तिएरी मारी, तिसरा फिन्यों. ताशी साडेबावन्न किलोमीटरहून जास्त वेग. तीन आठवडे डोंगर तुडवल्यावर, ज्या अवस्थेत तो होता त्या अवस्थेत. याला घालवणं म्हणत नाहीत.

ती अवस्था कसली, तर त्याला केस्तूड झालं होतं. सायकल चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मांडी आणि सॅडल यांच्यामध्ये, जिथे कापड घासतं, घाम साचतो, तिथे एक गाठ उठते. आधी नुसती खाज, मग ठणका, मग सॅडलवर बूड टेकलं की डोळ्यांपुढे काजवे. माझ्यासारखी रविवारची सायकलवाली अशा वेळी सायकल भिंतीला लावते, हळद-तूप लावते आणि आठवडाभर चालत फिरते. त्याला रोज दीडशे-दोनशे किलोमीटर त्याच गाठीवर बसून जायचं होतं. शेवटच्या रात्री त्याला धड झोप लागली नाही. हे त्यानं बाहेर कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर लेमाँडला बळ चढलं असतं. टाइम ट्रायलमध्ये तर उभं राहून पायडल मारण्याची मुभाही नसल्यासारखीच, खाली बसून, एकाच ठिकाणी, अर्धा तास. मागच्या गाडीतून फिन्योंच्या संघाचा प्रमुख सिरिल गिमार वेळा सांगत होता आणि दर वेळी पुढचा आकडा लहान होत होता. लेमाँडनं आपल्या लोकांना बजावलं होतं, मला एकही वेळ सांगू नका. एकाला सगळं ऐकू येत होतं, दुसऱ्याला काहीच ऐकायचं नव्हतं. रेषा ओलांडल्यावर फिन्यों रस्त्यावर कोसळला, दगडी फरसबंदीवर बसूनच राहिला. त्या चित्रात त्याचा चेहरा दिसतो. मी ते एकदाच शेवटपर्यंत पाहिलंय.

लहानपणी बाबा मला बोरघाटात मुंबई-पुणे सायकल शर्यत पाहायला नेत. स्कूटरवर मागे बसून पहाटे निघायचं, खंडाळा ओलांडून घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी जागा धरायची. लोणावळ्याचे, खोपोलीचे लोक आधीच कठड्यावर चढून बसलेले असत. खाली वळणावरून आधी मोटारसायकलचा आवाज येई, मग टाळ्या, मग ती माणसं. टीव्हीवर जे कधीच कळत नाही ते तिथे कळे, की चढावर सायकलस्वाराचा आवाज किती येतो. चेनचा खरखराट, टायरखालची वाळू, आणि घशातून निघणारा तो श्वास, माणसाचा वाटत नाही असा. पहिला पुढून गेला की 'घाटाचा राजा, घाटाचा राजा' असा ओरडा व्हायचा आणि सगळ्या माना त्याच्यामागे वर वळायच्या. एका वर्षी पहिल्याच्या मागे, अगदी थोड्या अंतरावर दुसरा होता, आणि आमच्या पुढ्यातच त्याची चेन उतरली. तो ओरडला नाही, कुणाला काही म्हणाला नाही. उतरला, वाकला, दोन बोटांनी चेन दातांवर चढवली, पायडल हातानं अर्धा फिरवून पाहिला, धावत दोन पावलं टाकून वर बसला. हँडलला पांढरी पट्टी गुंडाळलेली होती, तिच्यावर त्याच्या काळ्या बोटांचे ठसे उमटले. मी एवढी जवळ होते की ते ठसे मोजता आले असते. आजूबाजूचं कुणीच त्याच्याकडे पाहत नव्हतं, सगळे वर पाहत होते. फक्त बाबांनी टाळ्या वाजवल्या आणि तो गेल्यावरही वाजवत राहिले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याचं नाव मी शोधलं होतं. पहिल्याच्या बातमीत 'यांनी मागे टाकले' एवढ्यापुरतं होतं.

फिन्योंबद्दल वाचायला लागले ते त्या माणसामुळे, असं म्हणणं जरा जुळवून आणल्यासारखं होईल. पण शर्यत म्हटली की माझी नजर दुसऱ्याकडे जाते, ही सवय तिथलीच.

शेपटीच्या विनोदात मला जे खटकतं ते असं की तो पराभवाला फार स्वस्त कारण देतो. आठ सेकंद हा आकडा इतका छोटा आहे की कुणालाही वाटतं, यातलं कारण मी शोधून काढीन. शेपटी. हँडलबार. केस्तूड. तीन ठिकाणीच शरीराला आधार हवा असा नियम होता, तो बार नियमात बसत नव्हता आणि तरी पंचांनी चालू दिला. मग गिमारनं तक्रार का केली नाही? फिन्योंला स्वतःलाही ही सल शेवटपर्यंत होती. सुपरबान्येरला, आल्प द्युएझला आणखी चार-आठ सेकंद खेचता आली नसती का? सगळी कारणं खरी आहेत. वाऱ्याचा हिशेब करणारे सांगतात की त्यांतलं शरीराच्या बैठकीचं, म्हणजे हँडलबारचं कारण सर्वांत मोठं, केसांचं त्यापुढे किरकोळ. पण ही कारणमीमांसा करताना आपण गुपचूप असं धरून चालतो की लेमाँड तिथे नव्हताच, होता तो फक्त फिन्यों आणि त्याची चूक. समोरच्या माणसानं आयुष्यातली सर्वोत्तम सत्तावीस मिनिटं त्या दिवशी काढली, हे मान्य करायला आपल्याला जड का जातं?

कारण लेमाँडही काही आयतं घेऊन आलेला नव्हता. 1985 साली तो फ्रान्सचा नामांकित सायकलस्वार बर्नार इनो याच्या संघात होता, पायात जोर असताना त्याला पिरेनीजमध्ये थांबवून धरलं आणि टूर इनोनं जिंकली. पुढच्या वर्षी मी तुला मदत करीन असा शब्द इनोनं दिला होता, आणि पुढच्या वर्षी पहिल्या मोठ्या डोंगरातच तो लेमाँडला सोडून साडेचार मिनिटं पुढे निघून गेला. स्वतःच्याच संघाशी लढत लेमाँडनं 1986 ची टूर जिंकली. आल्प द्युएझला ते दोघं हात हातात धरून रेषेवर आले ते चित्र जगभर छापलं गेलं. मला त्या चित्रातला लेमाँडचा चेहरा कधीच सुखाचा वाटला नाही. आणि मग 20 एप्रिल 1987. कॅलिफोर्नियात टर्कीच्या शिकारीला गेलेले असताना त्याच्या मेव्हण्याला झुडपात हालचाल दिसली आणि त्यानं गोळी झाडली. साठेक छर्रे अंगात घुसले, फुप्फुस फाटलं, हेलिकॉप्टरनं वेळेत नेलं म्हणून जीव वाचला. तीसहून जास्त छर्रे काढताच आले नाहीत, काही हृदयाच्या आवरणात तसेच राहिले. दोन वर्षं तो नुसता मागे पडत होता. 1989 च्या जिरोमध्ये, जो फिन्योंनं जिंकला, लेमाँड चढावर इतका मागे राहायचा की सायकल सोडून द्यावी असं त्यानं बायकोला फोनवर सांगितलं होतं. त्याच जिरोच्या शेवटच्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये तो अचानक दुसरा आला. तेव्हा त्याच्याकडे नीट पाहणारी माणसं फार थोडी होती.

गिमार त्यांतला एक असणार. लेमाँड विशीच्या उंबरठ्यावर युरोपात आला तो गिमारच्याच रेनो संघात, आणि तिथेच फिन्यों त्याचा सोबती होता. म्हणून आल्प द्युएझच्या चढावर गिमारनं लेमाँडच्या खांद्यांकडे पाहिलं आणि ओळखलं की हा आता संपलाय, चेहऱ्यावर दाखवत नाहीये. फिन्योंचाही जीव घशाशी आला होता. गिमार गाडी पुढे घालून त्याच्याजवळ गेला, आता मार म्हणाला, आणि फिन्यों निघाला. माणसाला घडवणाऱ्यालाच त्याचं मोडणं आधी दिसतं, हे किती विचित्र आहे. या खेळातलं वैर परक्यांशी नसतंच बहुतेक. एकाच गाडीतून फिरलेली, एकाच टेबलावर पास्ता खाल्लेली, एकमेकांची झोपेतली घोरणीसुद्धा ओळखणारी माणसं पुढे एकमेकांच्या विरुद्ध उभी राहतात.

आता फिन्योंची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी त्याला देवळात बसवल्यासारखं होईल. तो गोड माणूस नव्हता. 1983 ची पहिली टूर त्यानं तेविशीही पुरी झाली नसताना जिंकली, पण इनो गुडघ्याच्या दुखण्यानं आलाच नव्हता आणि पिवळ्या जर्सीतल्या पास्काल सिमोंचं खांद्याचं हाड मोडलं होतं, म्हणून लोक म्हणाले नशीब. पुढच्या वर्षी इनो परत आला. आल्प द्युएझच्या आधी सपाटीवर इनो चवताळून पुढे सुटला, आणि फिन्यों नंतर टीव्हीवर म्हणाला की मला हसू आलं. हसूच आलं. मग त्यानं इनोला गाठलं, सोडलं, आणि पाच टप्पे जिंकून टूर 10 मिनिटं 32 सेकंदांच्या फरकानं घेतली. तोवर चार वेळा टूर जिंकलेल्या, दुखऱ्या गुडघ्यानं परत आलेल्या माणसावर हसण्याची किंमत असते का? मी असल्या हिशेबांवर विश्वास ठेवत नाही, तरी ते वाक्य मला बोचतं. पत्रकारांशी तो तुसडा वागे, 1989 च्या टूरमध्ये एका कॅमेऱ्यावर तो थुंकल्याचं चित्रण आहे. उत्तेजकांच्या तपासणीत तो सापडला होता आणि काय काय घेतलं ते त्यानं पुढे उघड सांगून टाकलं. त्या काळात ते सर्रास होतं म्हणून ते कमी होत नाही. मला तो आवडतो आणि हे सगळंही मला माहीत आहे. दोन्ही एकाच वेळी.

व्हेरोनाबद्दल मात्र मला आजही राग येतो. 1984 चा जिरो. त्या वर्षीच्या टूरच्या काही आठवडे आधी. फिन्यों गुलाबी जर्सीत, म्हणजे जिरोत सर्वांत पुढे, इटलीचा लाडका फ्रांचेस्को मोझेर 1 मिनिट 21 सेकंद मागे. मोझेर चढावर कच्चा, म्हणून बर्फाचं कारण सांगून स्टेल्व्हियोचा घाट आयोजकांनी शर्यतीतून काढूनच टाकला. शेवटचा दिवस, सोआव्हे ते व्हेरोना 42 किलोमीटरची टाइम ट्रायल, शेवट रोमन रंगमंडलात. मोझेरनं त्याच जानेवारीत मेक्सिकोत एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम मोडला होता, त्याच धाटणीची भरीव तबकडीची चाकं घेऊन तो आला. फिन्यों साध्या आऱ्यांच्या चाकांवर. टीव्हीचं हेलिकॉप्टर मोझेरच्या मागे फार खाली उडत त्याला वारा देत होतं आणि माझ्या तोंडावर मारत होतं, असं फिन्यों मरेपर्यंत सांगत राहिला. तो 2 मिनिटं 24 सेकंदांनी मागे पडला, जिरो 1 मिनिट 3 सेकंदांनी गेला. पाच वर्षांच्या अंतरानं, दोन देशांत, शेवटच्या दिवशी, टाइम ट्रायलमध्ये, नवीन साधन घेऊन आलेल्या माणसाकडून. एकाच माणसाच्या वाट्याला एकच पराभव दोनदा यावा हे मला फार क्रूर वाटतं. आणि त्या मधल्या पाच वर्षांत काय? 1985 मध्ये घोट्यामागच्या शिरेवर शस्त्रक्रिया, मग कुठल्याशा दुपारी पाय चालतो आणि दुसऱ्या दिवशी चालत नाही अशी वर्षं. चोविशीत ज्याच्यापुढे कुणी टिकत नव्हतं तो पंचविशीनंतर कधीच पूर्ण तोच राहिला नाही. 1989 हे त्या पायांनी परत येण्याचं वर्ष होतं, आणि ते जवळजवळ आलंही होतं.

लेमाँडनं 1990 साली तिसरी टूर जिंकली, एकही टप्पा न जिंकता. पुढे ज्या दोन अमेरिकनांनी टूर जिंकल्याचं मिरवलं त्यांची विजेतेपदं उत्तेजकांपायी काढून घेतली गेली, त्यामुळे पुरुषांच्या टूरच्या यादीत अमेरिकेचं नाव त्याच्या एकट्यामुळे उरलंय. फिन्योंनं 1992 मध्ये मुलूझला एक टप्पा जिंकला, बराच वेळ एकटा पुढे राहून, आणि 1993 मध्ये सायकल ठेवली. पुरुषांच्या टूरमध्ये आठ सेकंदांहून कमी फरक अजून झालेला नाही. महिलांच्या टूरमध्ये 2024 साली काशा न्येवियादोमानं डेमी व्होलरिंगला चार सेकंदांनी हरवलं, आल्प द्युएझलाच, आणि ती शर्यत पाहताना मी उठून घरभर फिरत होते. व्होलरिंग आधी एका टप्प्यात पडली होती, पावणेदोन मिनिटं तिथेच गेली होती. तिच्या नावापुढेही आता चार हा आकडा चिकटेल का? मला त्याची भीती वाटते. तिनं आदल्या वर्षी तीच टूर जिंकली होती हे आजच किती जणांना आठवतं!

फिन्योंला कर्करोग झाला तेव्हा तो फ्रेंच टीव्हीवर टूरचं समालोचन करायचा. 2010 च्या जुलैत त्याचा आवाज चिरलेला, खरखरीत झाला होता, वाक्यं अर्धवट सुटायची, तरी तीन आठवडे तो माइकसमोर बसला आणि कोण चढावर खोटं हसतंय ते सांगत राहिला. 31 ऑगस्टला तो गेला. पन्नास वर्षांचा होता.

त्या पोराला मी पुढच्या रविवारी भेटेन तेव्हा पॅरिसबद्दल बोलणार नाही. शाँबेरीबद्दल बोलेन. पॅरिसनंतर पाच आठवडे, 27 ऑगस्ट 1989, जागतिक अजिंक्यपद, फ्रान्समध्येच, एकाच चढावरून पुन्हापुन्हा फेरे, शेवटी धो धो पाऊस. ज्या माणसाचं नाव घेऊन अख्खा देश महिनाभर हळहळत होता, त्यानं घरी बसायला हवं होतं. तो शेवटच्या फेरीत हल्ला करतो. लेमाँड त्याला गाठतो. तो पुन्हा सुटतो, लेमाँड पुन्हा गाठतो, दुसरं कुणी नाही, लेमाँडच. पाण्यानं चष्मा भरलेला, चिखलाच्या रेघा पाठीवर, आणि तरी शेवटच्या किलोमीटरपर्यंत तो आपल्या बाजूनं झटत राहतो, जणू त्याला कुणाचं देणं फेडायचं नाही, फक्त पुढे जायचंय. शेवटी लेमाँडच जिंकतो, कोनिशेव दुसरा, केली तिसरा, फिन्यों सहावा. निकालात सहावा. ते चित्रण सहज मिळतं. पाहायचं असेल तर शेवटचा फेरा आवाज मोठा करून पाहा, चढाच्या मधोमध तो खुर्चीवरून उठल्यासारखा सॅडलवरून उठतो आणि पहिला हल्ला करतो, तिथून.